जानव्याला बांधलेली किल्ली

स्वप्नं, शकुन, अंगात येणं — या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. ऑफिसात कोणी स्वप्न सांगायला लागला की मी विचारायचो, "रात्री काय जेवला होतास?" आणि आजूबाजूची टेबलं हसायची. आज मीच एक स्वप्न लिहायला बसलो आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पण शेवटपर्यंत वाचावं. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही, माझ्या मुलीसाठी हवं आहे.

मी बडोद्यात रावपुऱ्यात राहतो. आजोबांपासून आमच्या घरात सरकारी नोकरी. वय शेहेचाळीस. घरात मी, माझी पत्नी आणि तेरा वर्षांची सुमती. तिला आम्ही सुमी म्हणतो. नाव-पत्ता संपादकांकडे आहे, तो छापू नये अशी विनंती केली आहे.

मला एकच स्वप्न गेली बावीस वर्षं पडतं. रात्री कधीच नाही. दुपारी जेवून जरा आडवा झालो की पडतं, महिन्यातून एखाद-दोन वेळा. मी पंगतीत बसलेलो असतो. समोर केळीचं पान, पानावर खीर, वडे, आमसुलाची चटणी. बाजूला कोण आहे ते दिसत नाही, पण पंगत भरलेली आहे आणि कोणी उठल्याशिवाय मला उठता येणार नाही, एवढं मला ठाऊक असतं. आणि लांब कुठेतरी कोणीतरी दार वाजवत असतं. टक टक… टक टक. दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली आहे. ती छातीवर दगडासारखी जड लागते. मी भराभर जेवतो, पण पान संपत नाही. मग टकटक हळू होत जाते, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जातं… आणि थांबते. ती थांबली की मी घामाने भिजून जागा होतो.

माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, शिकलेले, विलायतेची मासिकं वाचणारे. एकदा गप्पांत मी त्यांना विचारलं की माणसाला तेच ते स्वप्न का पडत असेल. ते म्हणाले, "गाय जसं खाल्लेलं पुन्हा वर आणून चघळते ना, तसं मनाचं असतं. जे गिळवत नाही ते पुन्हा पुन्हा वर येतं." मी हसून विषय बदलला. मला काय गिळवत नव्हतं ते मला नीट ठाऊक होतं.

ते आता सांगतो. या माघापर्यंत बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी बडोद्यात प्लेग जोरात होता. आम्हा तरुण कारकुनांना प्लेगच्या ड्यूटीवर घातलं होतं. पोळीत, म्हणजे आमच्याकडच्या एका तोंडाच्या गल्लीत, उंदीर मेले किंवा कोणी आजारी पडलं की सगळी पोळ रिकामी करायची, लोकांना गावाबाहेर झोपड्यांत पाठवायचं. मग कारकुनाने एकेका घरात आतपर्यंत फिरून पाहायचं, कोणी राहिलेलं नाही अशी खात्री करायची, सरकारी कुलूप ठोकायचं आणि कागदावर सही करायची. माझ्याकडे वाडी भागातली कंसाऱ्यांची एक पोळ होती. कंसारे म्हणजे आपले कासार, तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे.

त्या दिवशी, माघ महिन्यात, माझ्या वडिलांचं श्राद्ध होतं. साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा दिली होती. सकाळी निघताना आईने उंबऱ्यात अडवलं. "सुतकी घरात पाय टाकू नकोस हं. टाकलास तर आज पिंड कोण देणार?"

पोळीतलं शेवटचं घर मगन कंसाऱ्याचं. चार दिवसांपूर्वी त्याची म्हातारी आई गेली होती. म्हणजे घर सुतकी. मी ओसरीवरच थांबलो. आत अंधार होता, ओल्या राखेचा वास येत होता. मी हाक मारली, "कोण छे अंदर?" उत्तर आलं नाही. मी कुलूप लावलं, किल्ली फिरवली, आणि तेवढ्यात मागच्या बाजूने आवाज आला. टक टक.

मी स्वतःला सांगितलं, कोणीतरी भांडं ठोकतंय. कंसाऱ्यांची पोळ आहे, दुसरं काय असणार! वाचकहो, ती सगळी पोळ मी स्वतः सकाळपासून रिकामी केली होती. हातोडा मारायला तिथे कोण उरलं होतं?

मी सही केली. "घर आतून पाहिले, रिकामे आहे." चौकीत किल्ली जमा करायला जायला हवं होतं, पण उशीर झाला होता. ती जानव्याला बांधली आणि तसाच घरी आलो.

आंघोळ करून, सोवळ्याचा कद नेसून उभा राहिलो. दुपारी ब्राह्मण पानावर बसले, मी खीर वाढायला घेतली, आणि दारात मगन आला. धावत आला होता, पाय धुळीने पांढरे झाले होते. मी उंबऱ्याच्या आत, तो ओट्याच्या खाली.

"रावसाहेब, मारी बायडी अंदर छे! ताप आहे तिला. दवाखान्यात नेतील म्हणून मागच्या कोठारात ठेवली, बाहेरून कडी घातली, आणि मी गाडी आणायला गेलो. परत येतो तर कुलूप! चावी द्या, पगे लागुं."

मी घाबरलो. त्याच्या बायकोच्या काळजीने नव्हे. आत न जाता सही केली हे उघडकीला येईल म्हणून. आतून आई म्हणाली, "कोण आहे? ब्राह्मण पानावर आहेत, आत्ता हलायचं नाही."

मी उपरणं छातीवर ओढून घेतलं आणि म्हणालो, "किल्ली चौकीत आहे. ब्राह्मणांचं होऊ दे, मग जाऊ. बस तिथे."

तो ओट्याखाली, पायऱ्यांपाशी बसला.

ब्राह्मण उठले, विडे-दक्षिणा झाली. तेव्हा मला जाता आलं असतं. आई म्हणाली, "दोन घास खाऊन घे, सकाळपासून उपाशी आहेस." मी बसलो. वडे गरम होते. मी चार खाल्ले. हीही गोष्ट लिहितो : मी ते चवीने खाल्ले.

बाहेर आलो तेव्हा ओट्यापाशी मगन नव्हता. वाडीत त्याच्या घरापाशी सापडला, दाराला टेकून बसलेला. चौकीतून येतो आहे असं दाखवत मी कुलूप काढलं. त्याने कोठाराची कडी काढली. त्याची बायको रेवा दाराला पाठ टेकून बसलेली होती, दोन्ही हात मांडीत. पाण्याचा माठ पुढच्या ओसरीवर होता. ती गेलेली होती.

रिपोर्टात लिहिलं गेलं की प्लेगने गेली. ते खरंही असेल. कदाचित कुलूप नसतं तरी ती गेली असती. बावीस वर्षं मी हा 'कदाचित' उशाला घेऊन झोपलो आहे. किल्ली मी परत केलीच नाही. हरवली असं लिहिलं आणि पेटीच्या तळाशी टाकली. त्यानंतर वाडीत पाऊल टाकलं नाही आणि वडा तोंडात घातला नाही. बायको दर श्राद्धाला टोमणा मारते, "वडिलांच्या नावाने वडे टाकलेत का काशीला जाऊन?" ती तेव्हा नवी सून होती. ते वडे तिनेच तळले होते.

एवढं माझं. हे पाप म्हणा, गुन्हा म्हणा, पण त्यात अमानवीय काही नाही. खरी गोष्ट गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू झाली.

एका रविवारी दुपारी मी पेपर वाचत होतो. सुमी शेजारी चटईवर झोपली होती. कानावर आवाज आला. टक टक… टक टक. पाहतो तर सुमी गाढ झोपेत, आणि उजव्या हाताच्या पेरांनी जमीन वाजवते आहे. मी पेपर खाली ठेवला. हा ठेका मला पाठ होता. ठोके हळू झाले, थांबले, आणि ती किंचाळून उठली.

"काय झालं ग?"

"नाना, मी अंधारात होते. दाण्यांचा वास येत होता. दार उघडतच नव्हतं… आणि एक माणूस जेवत होता."

"कोण माणूस?"

"माहीत नाही. पाठमोरा. तोंड दिसत नव्हतं, तरी ठाऊक होतं की जेवतोय."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग एक दिवसाआड. मग शाळेत बाकावर डोकं टेकून तिने बाक वाजवला. बाईंची चिठ्ठी आली की मुलगी वर्गात खोड्या करते. मैत्रिणी तिला 'टकटक' म्हणून चिडवायला लागल्या. तिने दुपारी झोपायचं सोडलं, तेव्हा ते संध्याकाळी, अभ्यासाला बसल्या बसल्या यायला लागलं. रात्रीही ती डोळे मिटेना. चार महिन्यांत पोरीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. पेरं सुजून फुटली, त्यांना बायको तुपात हळद कालवून लावायची. सुमी माझा हात धरून म्हणायची, "नाना, मला झोपू देऊ नका ना. गोष्ट सांगा, गणित घाला, काहीही करा." मी, तिचा बाप, तिला पाढे म्हणायला लावत बसायचो. मला सगळं ठाऊक होतं आणि मी सत्तावीसचा पाढा विचारत होतो.

डॉक्टरांनी औषध दिलं. त्याने ती जास्तच गाढ झोपली आणि जास्तच जोराने वाजवायला लागली. आमचे बाळंभटजी म्हणाले, "कोणी अतृप्त गेलंय का हो तुमच्या घरात?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी विचारलं ते 'घरात' म्हणून. मी त्या एका शब्दाआड लपलो.

पौषात एका दुपारी ती झोपेतच वाजवता वाजवता बोलली. आवाज तिचाच होता, पण बोलणं गुजरातीत. आमच्याकडे पोरं बाहेर गुजराती बोलतातच, त्याचं मला नवल नाही. ती म्हणाली,

"भाई, चावी तो तारी जनोईए छे."

भाऊ, किल्ली तर तुझ्या जानव्यालाच आहे.

वाचकहो, ही गोष्ट या जगात एका माणसाला माहीत होती. मला. मगनला मी चौकी सांगितली होती. आईला पत्ता नव्हता, आणि ती जाऊनही पंधरा वर्षं झाली. बायको म्हणाली, "कसली जनोई? काय बडबडतेय ही?" मी म्हणालो, "ताप असेल." अजूनही मी खोटंच बोललो!

मग माघ आला. वडिलांचं श्राद्ध.

त्या दिवशी सुमीला सकाळपासून कणकण होती. बायकोने तिला मागच्या खोलीत निजवलं, आणि झोपेत उठून सोवळ्यात येऊ नये म्हणून बाहेरून कडी घातली. मला विचारलं नाही. तिला काय माहीत की या घरात कडी घालायची नसते?

ब्राह्मण पानावर बसले. बाळंभटजी आणि आणखी दोघे. मी कद नेसून खीर वाढत होतो. आणि मागच्या खोलीतून सुरू झालं. टक टक. टक टक.

भटजी जेवताना बोलत नाहीत. त्यांनी नुसता हात हलवला — चालू दे. मी दुसऱ्या पानावर खीर वाढली. टक टक… टक… दोन ठोक्यांमधलं अंतर वाढायला लागलं. हा मी झोपेत आहे की जागा, हे मला खरंच कळेना. तीच खीर, तेच वडे. मी कोण आहे तेवढं मात्र कळत होतं : जो उठत नाही तो.

टक…

मी खिरीचं भांडं खाली ठेवलं.

"अहो!" बायको दबक्या आवाजात म्हणाली. "पानं अर्धी आहेत!"

"असू देत."

"अहो, श्राद्ध मोडेल! उठून गेले तर?"

मी धावत जाऊन कडी काढली. सुमी दाराला पाठ टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीत. दार उघडताच ती मागे माझ्या पायांवर कलंडली. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. बायको आली, तिने पोरीच्या नाकाशी हात धरला आणि म्हणाली, "झोपलीय. अहो, झोपलीय ती. ओरडू नका."

मी पेटीतून किल्ली काढली आणि तसाच, उघडा, अनवाणी, सोवळ्यात रस्त्यावर आलो. लहरीपुरा दरवाजा, मांडवी, वाडी. लोक बघत होते. बावीस वर्षं टाळलेली पोळ पायांनी बरोबर शोधून काढली.

मगन ओसरीवर हंडा ठोकत बसला होता. केस पांढरे झालेले, चष्म्याला दोरा बांधलेला. समोरच्या ओट्यावरून एक जण ओरडला, "मगनकाका, महाराज आव्या छे, सीधुं काढो!" त्याला मी शिधा मागायला आलेला भिक्षुक वाटलो. सगळे हसले. मगनने मान वर केली आणि त्याचा हातोडा थांबला. त्याने मला ओळखलं.

"आवो, रावसाहेब. बेसो."

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आत गेलो नव्हतो ते, आवाज ऐकला होता ते, वडे खाल्ले ते, घरी मुलगी झोपेत वाजवते ते. शेवटी किल्ली त्याच्या हंड्याशेजारी ठेवली. "ही चौकीत नव्हती मगनभाई. माझ्याजवळ होती."

"मने खबर हती," तो म्हणाला. म्हणजे त्याला ते ठाऊक होतं.

"काय?"

"तुम्ही आत वळलात तेव्हा उपरणं सरकलं. जनोईला लटकत होती. नंबराची चकती पण दिसली."

"मग बोलला का नाहीस? ओढून का घेतली नाहीस?"

त्याने हातोडा बाजूला ठेवला. "तुम्ही सरकारचे माणूस, त्यात ब्राह्मण, त्यात सोवळ्यात. हात कसा लावायचा? बावीस वरस झाले, रोज विचारतो. दोन पायऱ्या होत्या साहेब. फकत दोन. स्वप्नात पण मी तिथेच बसलेला असतो, खालीच."

तोच पुढे बोलला.

"तिथे बसवेना तेव्हा धावत इथे आलो. ती आतून वाजवत होती. पुढच्या दाराच्या फटीतून ओरडून तिला सांगितलं : रेवा, चावी मिळाली आहे, साहेबाच्या जनोईलाच आहे. आज त्यांच्याकडे श्राद्ध, जेवायला बसलेत, झालं की येतात. तर तिने वाजवणं थांबवलं."

"थांबवलं?"

"हा. बोली, 'भले जमता. भाणेथी कोईने उठाडाय नहीं.'"

जेवू दे त्यांना. भरल्या ताटावरून कोणाला उठवू नये.

वाचकहो, ती टकटक थांबते ती मरणाने थांबते असं मी बावीस वर्षं समजत होतो. ती मी जेवावं म्हणून थांबली होती.

मगनने किल्ली उचलून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली. "हिचं मी काय करू? ते कोठाराचं दार मी तेव्हाच काढून चुलीत घातलं. तुमच्याकडे राहू द्या." मग मुलीचं वय विचारलं, "दीकरी केटला वरसनी?"

"तेरा."

त्याने ओसरीवरच्या माठातून लोटाभर पाणी काढून माझ्यापुढे धरलं. सोवळ्यात, श्राद्धाच्या दिवशी, कंसाऱ्याच्या घरचं पाणी. मी ते प्यालो. रेवाच्या वेळी माठ होता त्याच जागेवरचा माठ होता तो.

घरी आलो तेव्हा भटजी अर्ध्या पानावरून उठून गेले होते. त्यांनी आमचं घर सोडलं. भाऊबंद म्हणतात, श्राद्ध मोडलं, वडील उपाशी गेले. बायकोला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ते वडे मी तळले होते." सुमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली होती. हात स्थिर. उठली आणि म्हणाली, "भूक लागली."

याला आठ महिने झाले. तिला ते स्वप्न पुन्हा पडलेलं नाही. गळा भरला आहे, पेरांवर नुसते पांढरे डाग राहिले आहेत.

आता माझा प्रश्न. माझं स्वप्न मला का पडतं ते कोणी समजावू नये, मला समजतं. पण रेवा गेली तेव्हा सुमीचा जन्मसुद्धा झाला नव्हता. किल्ली जानव्याला आहे हे मगनने फक्त रेवाला सांगितलं होतं, बंद दाराच्या फटीतून. ते माझ्या मुलीच्या तोंडी कुठून आलं? डॉक्टरांना पूर्ण हकीगत सांगितली. ते म्हणाले, "याला माझ्याकडे उत्तर नाही." शास्त्र जाणणाऱ्या एकांनाही विचारलं, तेही तेच म्हणाले.

मागच्या रविवारी सुमी वाचता वाचता पेंगली आणि तिचं बोट पुस्तकावर एकदा हललं. एकदाच. माशी बसली असेल… पण मला वाटलं, एका मगनच्या कानात सांगून जर तिची सुटका झाली असेल, तर ती पुरी झाली की अर्धीच? म्हणून आज हे सगळ्यांसमोर मांडलं. दुसरा उपाय मला सुचला नाही. असं कोणाच्या घरात घडलं असेल, आणि पोरावरचं ते कायमचं गेलं असेल, तर कृपा करून संपादकांच्या पत्त्यावर कळवा.

माझं स्वप्न चालूच आहे. फक्त पूर्वी टकटक थांबली की मला जाग यायची. आता येत नाही. आता दाराआडून कोणीतरी शांतपणे म्हणतं, जेवू दे त्यांना… आणि मला पान संपेपर्यंत बसून राहावं लागतं.